एकोणीस लाख जणांचा भागाकार

2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या भरली 19,59,046. पुढाऱ्यांना त्यात मतं दिसली, बियाणेवाल्यांना गिऱ्हाईक. अंकांची बेरीज करायला मात्र कुणाला सवड झाली नसावी. ती येते 34. आणि 34 ने अख्ख्या जिल्ह्याला भागलं की उत्तर नेमकं 57,619. बाकी शून्य! सरकारी कागदावर असा योग विरळाच.

आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ही जात म्हणजे ‘हर्षद’ संख्या. बारसं केलं देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. मास्तरांचा जन्म 1905 चा, डहाणूचा. संख्यांशी त्यांचं जे चाले ते काही विद्वानांना पोरखेळ वाटे. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे मोठ्यांनी चष्मे पुसले. मास्तर तोवर सत्तरीला टेकले होते.

जालन्याचा हर्ष मात्र नाजूक. शिरगणतीचा क्षण होता 1 मार्च 2011, रात्रीचे बारा. त्याआधी परतुरात म्हणा, भोकरदनला म्हणा, आणखी एक बाळ रडलं असतं तर आकडा झाला असता 19,59,047. बेरीज 35, शेवटी 7 असताना 35 ने भाग जातोय कसला! उलट एखादे आजोबा घाईने निघाले असते, तर 19,59,045, बेरीज 33, आणि भागाकार पुन्हा बिनबाकी, 59,365. पाळण्यापेक्षा तिरडीवर मेहेरबान असलेलं हे गणित सुईणीला सांगू नये.

शहराचा पिनकोड 431203 याच्या अगदी उलट स्वभावाचा. ही मूळ संख्या आहे. एक आणि स्वतः सोडून कुणाकडूनच भाग घेत नाही. हिला वळण लावायला कापरेकरांचीच युक्ती करून बघावी: अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसले तर, फार तर सात पायऱ्यांत 6174 वर येऊन निमूट बसते. मास्तरांना हे 1949 मध्ये गवसलं. जालन्याचा पिनकोड बसत नाही. 433210 वजा 012334, उत्तर 420876. पुढे 851742, 750843, 840852, 860832, 862632, 642654 आणि परत 420876! पार्किंगला जागा शोधत शहरातल्या गांधी चमनला चकरा मारणाऱ्या स्कूटरसारखा हा कायमचा फिरत राहतो.

गाड्यांचं नशीब त्यामानाने बरं. जालन्याच्या एमएच 21 मधल्या 21 ला 2 अधिक 1, म्हणजे 3 ने भाग जातो. प्रत्येक पाटीवर फुकटात हर्षद. तरी हौशी मंडळी ‘बेरीज नऊ’चा नंबर मिळावा म्हणून जादा पैसे मोजतात. त्यांना 6174 चालायला हरकत नाही. बेरीज 18, तिची 9, आणि पाटीवर शाळामास्तर.