भूक नसताना कसे खावे
नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

पात्रता

या विद्येला वय, शिक्षण, आर्थिक परिस्थिती यांची कसलीही अट नाही. तोंड असले की पुरे. भूक लागत असल्यास हरकत नाही, पण ती आवश्यकही नाही. भूक लागल्यावर खाणे मांजरालाही जमते. भूक नसताना, पोट भरलेले असताना आणि ‘बास, आता एक घासही नको’ असे स्वतःच मोठ्याने जाहीर केल्यानंतर खाणे, यात खरे कसब आहे.

आपल्याला हे जमणार नाही असे वाटणाऱ्यांनी धीर सोडू नये. शरीर मदत करते, घरचे मदत करतात, पाकिटबंद खाऊ बनवणारे तर रात्रंदिवस मदत करतात. तुम्ही फक्त मध्ये यायचे नाही.

धडा १ : भुकेची ओळख बुजवणे

जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक निघते आणि मेंदूला भुकेची वर्दी देते. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले. हे वेळेचे फार पक्के असते. रोज ज्या वेळेला खाल, त्या वेळेच्या जरा आधी ते वाढू लागते. तेव्हा रोज दुपारी साडेचारला चहाबरोबर दोन खाऱ्या घ्यायला सुरुवात करावी. थोड्याच दिवसांत सव्वाचारलाच पोटात कालवाकालव होऊ लागेल. मग ही भूक खरी की आपणच लावून घेतलेली, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

दुसरे संप्रेरक लेप्टिन. ते १९९४ साली अमेरिकेत रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले. ते चरबीच्या पेशींतून निघते आणि ‘साठा पुरेसा आहे, हात आखडता घ्या’ असा निरोप मेंदूला पोचवते. इथे नवशिके घाबरतात. चरबी वाढली की निरोपही वाढणार, मग आपले कसे व्हायचे? काळजी नसावी. निरोपांचा भडिमार झाला की मेंदू तिकडे काणाडोळा करू लागतो.

सराव : जेवण दहा मिनिटांत उरकावे, डोळे मोबाईलवर ठेवावेत. पोट भरल्याची बातमी वर पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. ती पोचायच्या आत दुसऱ्यांदा भात वाढून घ्यावा.

धडा २ : पदार्थांची निवड

काकडीच्या नादाने कुणी वाया गेल्याचे ऐकिवात नाही. पदार्थ विचारपूर्वक निवडावा. नुसती साखर चार चमचे खाऊन पाहा, नकोशी होते. नुसते तूप त्याहून लवकर नकोसे होते. आता बेसन त्याच तुपात खमंग भाजा, त्यात तीच साखर पिठी करून मिसळा आणि लाडू वळा. तिसऱ्या लाडवापर्यंत नको म्हणायचे सुचतही नाही. पीठ, मीठ आणि तेल यांच्या संगनमतातून शेव आणि भजी झाली, ती याच सूत्रावर.

घरी लाडू वळायला निदान कष्ट पडतात. ज्यांना तेही नकोत, त्यांनी कारखान्यात तयार झालेल्या खाण्याकडे वळावे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना एका वॉर्डात ठेवून दोन आठवडे असे अतिप्रक्रिया केलेले खाणे दिले आणि दोन आठवडे साधे. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या जेवणात उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखेच होते आणि हवे तितके खायची मुभा होती. कारखान्याचे खाणे असताना लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि भराभर खाल्ले. त्यांना कुणीही आग्रह केला नव्हता.

धडा ३ : उभ्याने खाणे

वेळ रात्री साडेअकराची. दिवा लावू नये, फ्रीजचा उजेड पुरतो. चिवड्याच्या स्टीलच्या डब्याचे झाकण अंगठ्याने एका कडेने अलगद उचलावे. मधोमध ओढल्यास ‘टण्’ असा आवाज होतो आणि आतल्या खोलीतून ‘कोण आहे?’ अशी विचारणा होते. पहिली मूठ चवीपुरती. दुसरी, पहिलीत शेंगदाणे आले नव्हते म्हणून. तिसरी फक्त खोबऱ्याचे काप वेचण्यासाठी. वेचताना पोहे हाताला लागणारच, त्याला इलाज नाही. चौथीला कारण लागत नाही. मग वरचा थर तळव्याने सारखा करावा. कढीपत्त्याची पाने परत टाकावीत, त्याने डबा भरल्यासारखा दिसतो.

उभ्याने खाल्लेले, पातेले रिकामे करण्यासाठी खाल्लेले, मुलांच्या ताटात उरले म्हणून खाल्लेले आणि मीठ बघण्यासाठी खाल्लेले हिशेबात धरायचे नसते. ही सवलत फक्त डायरीत मिळते, कंबर ती मानत नाही.

डब्याचे झाकण लावल्यावर पाचेक मिनिटांनी स्वतःचा राग येतो. घाबरू नये, तो अभ्यासक्रमातच धरलेला आहे. राग आला की झोप येत नाही, झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि मन खट्टू असले की काहीतरी गोड हवेसे वाटते. इतके झाले की पुढचा सराव आपोआप होतो.

धडा ४ : आग्रहाला बळी पडणे

“अहो जावईबापू, एवढ्याने काय होतंय? हे एवढंसं तर आहे.”
“नको हो मामी, खरंच पोट भरलंय.”
“माझ्या हातचं आवडलं नाही वाटतं!”

याला उत्तर नाही, शोधूही नये. पंगतीत पहिला ‘नको’ भिडेचा धरतात, दुसरा रीतीचा. तिसरा खरा असतो, पण तोवर श्रीखंड पानात पडलेले असते, आणि पानात टाकायचे नाही हे लहानपणीच अंगात मुरलेले असते. नको असलेले अन्न पोटात गेले तरी ते वायाच गेले, असा विचार इथे मनात येऊ देऊ नये.

शंका : याला व्यसन म्हणायचे का?

तज्ज्ञांचे यावर एकमत नाही. २००९ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी खाण्याचे व्यसन मोजणारी प्रश्नावली तयार केली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत ताबा सुटून, लपूनछपून, पोट दुखेपर्यंत खाण्याला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले, पण अन्नाचे व्यसन असा विकार काही त्यात आला नाही.

तज्ज्ञांचे ठरेपर्यंत एवढे लक्षात ठेवावे. तंबाखू सोडणाऱ्याला पुडी टपरीवरच ठेवता येते. दारू सोडणाऱ्याला त्या गल्लीने जाणे टाळता येते. खाणे आवरणाऱ्याला मात्र रोज त्याच ताटावर बसायचे असते आणि वेळेत उठायचे असते. दारुड्याला कुणी ‘रोज थोडी थोडी घे, पण चौरस घे’ असा सल्ला देत नाही.

धडा ५ : वजन कमी करणे

हा धडा वगळू नये. अधूनमधून वजन कमी केल्याशिवाय ते नीट वाढवता येत नाही.

सुरुवात सोमवारी करावी. तो हुकल्यास एक तारीख आहे, तीही हुकल्यास दिवाळीनंतर. पद्धत कोणतीही चालेल. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ यावरून घराघरांत तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत की दिवसातून दोनदाच खा आणि ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत की घरचे, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खा आणि तुपाला भिऊ नका. नवशिक्याने कुणालाच दुखवू नये. दीक्षितांची ५५ मिनिटे घ्यावीत, दिवेकरांचे तूप घ्यावे आणि ‘पुन्हा पुन्हा’ हे शब्द मनावर घ्यावेत.

उपवासही करावा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे पूर्वजांनी निरीक्षणाअंती म्हटलेले आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट आणि तूप पडले की दुसऱ्या धड्यातले सूत्र देवाच्या साक्षीने पूर्ण होते.

व्यायामाचा हिशेब असा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात. तासभर झपझप चालण्यात मध्यम वजनाच्या माणसाचे अडीचशे-तीनशे जातात आणि वडापावात जवळपास तितकेच परत येतात. म्हणजे फेरी मारून परतताना कोपऱ्यावरच्या गाडीपाशी थांबले की फिटंफाट. चालण्याचे इतर फायदे पुष्कळ आहेत, पण ते या अभ्यासक्रमाच्या बाहेरचे.

इतके करूनही वजन उतरलेच, तर खचू नये. इथून पुढे शरीर सूत्रे हाती घेते. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदूला वाटते, दुष्काळ पडला. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते सगळे स्वखुशीने आलेले, निश्चयाचे पक्के. तरी त्यांना अन्नाखेरीज दुसरे सुचेना. ते ताटे चाटू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले. पुन्हा हवे तितके मिळू लागल्यावर काहीजण तडस लागेपर्यंत खात आणि तरी भूक भागली नाही म्हणत.

अमेरिकेतल्या ‘बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. सहा वर्षांनी त्यातले ४१ परत आले होते. शिवाय त्यांची शरीरे, त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा, रोज सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होती. म्हणजे शेजाऱ्याइतकेच खाल्ले तरी यांच्या अंगाला जास्त लागणार. शरीर सहा वर्षे डूख धरून बसते, आपण तीन महिन्यांत पेढे वाटतो.

प्रश्नोत्तरे

*माझी इच्छाशक्ती कमी पडते का?*
लोक तसेच म्हणतील, आणि तुम्हीही तेच मानावे. सेमाग्लुटाइडची बातमी मात्र वाचू नये. मधुमेहासाठी आलेले हे औषध वजनासाठीही इंजेक्शनच्या रूपात २०२५ साली भारतात आले. ते आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करते. ते घेणारे पुष्कळ जण सांगतात की डोक्यात दिवसभर चाललेली खाण्याची भुणभुण थांबली. थांबवले की मात्र वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत येते, हेही अभ्यासात दिसले. सुईने निश्चय टोचता येत नाही. तरी ताबा आला आणि सुई थांबताच गेला. तेव्हा तो निश्चयाचा प्रश्न कितपत होता, हे विचारायला नवशिक्याने जाऊ नये.

*मी तर बारीक आहे. मला प्रवेश मिळेल?*
अवश्य. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडे काट्यावर दिसत नाही ते पोटात असते. म्हणून भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली की डॉक्टर सावध होतात. टेप शिवणाच्या डब्यातच राहू द्यावी.

काय टाळावे

पुढील गोष्टींनी सारा सराव बिघडतो. ताटात वाढून घेऊन, बसून, सावकाश खाणे. ताटात उसळ, डाळ, अंडी यांची बाजू वाढवणे. फरसाण दुकानातच राहू देणे. पुरेशी झोप. ताबा सुटतोय असे दिसताच, जनलज्जेपायी न लपवता, डॉक्टरांकडे जाणे. पाच-सात किलो उतरले तरी समाधान मानणे, कारण तेवढ्यानेही रक्तातली साखर आणि रक्तदाब खाली येऊ लागतो. एकदा घसरलो म्हणून सोमवारची वाट न पाहता पुढच्याच जेवणाला सावरणे. आणि ही काळजी महिना-दोन महिन्यांची नसून कायमची आहे, हे आधीच मान्य करणे.

सर्वांत घातक म्हणजे टोमणे न मारणारे घर. अशा घरात माणूस चोरून खाईनासा होतो, मग तिसरा धडा कोण गिरवणार? म्हणून घरच्यांनी बोलत राहावे. बोलणी खाऊन कुणाचे वजन उतरत नाही, तोंड तेवढे उतरते, आणि मग रात्री साडेअकराला डबा आहेच.