नुसतं बघायचं काम

सैनिक घरी परततानाचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. एन्टेबी, अदिस अबाबा, दिल्ली अशा प्रवासात मी ते इतके पाहिले की स्वतःच्या आगमनाचं दिग्दर्शनही उरकून टाकलं. आधी कळवायचं नाही. थेट बेल वाजवायची. बायकोच्या हातून काहीतरी पडायला हवं, शक्यतो न फुटणारं. चिरंजीवांनी धावत येऊन गळ्यात पडायचं (वय सोळा, पण दिग्दर्शकाने आशा सोडू नये).

डिसेंबर 2022. मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅटच्या गेटवर चौकीदाराने मला नखशिखान्त न्याहाळलं. “गीझरवाले हो?”

दोष टोपीचा. म्हणजे टोपीचा नाही, ती जीन्सवर घालणाऱ्याचा. संयुक्त राष्ट्रांची निळी बेरे नवी असताना डोक्यावर भाकरीसारखी पसरते. तिला वळण लावणं ही साधना आहे. गरम पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, ओलीच डोक्यावर चढवून उजव्या कानाकडे ओढायची आणि वाळेपर्यंत मान न हलवता बसून राहायचं. काँगोतल्या गोमा शहरात मी असे तीन रविवार घालवले. समोर किवू सरोवर, मागे न्यिरागोंगो ज्वालामुखी आणि मधे मी, मानेवरून पाणी ओघळतंय. उरुग्वेच्या एका सहकाऱ्याची बेरे पहिल्याच दिवशी झकास बसली होती. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. तर ही बेरे मी मुनिरका मेट्रो स्टेशन दिसताच टॅक्सीच्या आरशात बघून चढवली होती. पुढे एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींत आधी चुकीचा जिना चढलो, ते सोडा.

बेल वाजवली. आतून पावलं आली आणि दाराशी थांबली. बराच वेळ थांबली. पुन्हा बेल. शेवटी दार उघडलं. काही पडलं नाही.

“फोन केला असतास तर काय बिघडलं असतं?” एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. चिरंजीव कानातलं न काढता म्हणाले, “बाबा, टोपी भारी.”

संध्याकाळी शेजारचे काका डॉलरमध्ये किती मिळाले ते विचारून गेले. आईचा फोन आला. मी काँगोत मिलिटरी ऑब्झर्व्हर होतो, म्हणजे पांढरी गाडी, वही, पेन आणि हत्यार नाही, हे तिला वर्षभर पटलेलं नव्हतं. “आरं, बंदूक बी न्हाय? मंग तिथं काय केलंस?” आमचं गाव अपशिंगे, साताऱ्याजवळचं. पहिल्या महायुद्धात गावची 46 माणसं गेली. गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलंय. त्या गावचा मी नुसता बघून परत आलो होतो.

रुसून स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि सवयीने बघू लागलो. फ्रिजची जागा बदललेली. गळका नळ बंद झालेला, माझ्याशिवाय. भिंतीवर कालनिर्णय, रोजच्या चौकटीत दुधाची नोंद. एक लिटर, एक, दीड. पानं मागे उलटत गेलो. जुलैत दोन चौकटी कोऱ्या. 26 आणि 27.

25 तारखेला गोम्यात मोनुस्कोच्या, म्हणजे आमच्या काँगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेच्या, तळावर जमाव घुसला होता. 26ला बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे आपले दोन जवान मारले गेले. माझा फोन 27च्या रात्री लागला तेव्हा मी तिला “इथे सगळं शांत आहे, टोपी छान बसलीय” असं सांगितलं होतं.

“हे दोन दिवस दूधवाला आला नव्हता?” मी विचारलं.

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

“आला असेल. बेल वाजत होती. मी दार उघडलं नाही.”

पोळी तव्यावर टाकून ती म्हणाली, “पुढच्या वेळी फोन करून ये.”