नायिकेची करवली व्हा!

अभिनंदन, ताई! जुन्या हॉलिवूडच्या स्टुडिओशी तुमचा सात वर्षांचा करार झाला. सात वर्षं तुम्ही बांधलेल्या. स्टुडिओला मात्र तुम्हाला अधूनमधून नारळ द्यायची मुभा आहे. कुरकुर नको. नायिका व्हायचं खूळ डोक्यातून काढा आणि कामाला लागा.

१. भराभर म्हाताऱ्या व्हा. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (१९५९) जेसी रॉइस लँडिस कॅरी ग्रांटची आई झाल्या. मुलगा आईपेक्षा जेमतेम सात वर्षांनी लहान! त्याआधी, १९५५ साली, याच बाई 'टू कॅच अ थीफ'मध्ये त्याच्या होणाऱ्या सासूबाई होत्या. सासूची आई झाली, ही बढती समजा.

२. नायिकेच्या जिवलग मैत्रिणीचं काम मिळालं तर खटकेबाज संवाद तुमचे, नायक तिचा. 'मिल्ड्रेड पिअर्स'मध्ये ईव्ह आर्डननी हे चोख केलं. ऑस्कर नायिका जोन क्रॉफर्डला मिळालं, आर्डनना नामांकन. वाटणी रास्तच झाली म्हणायची.

३. चेटकीण व्हायचं असेल तर तोंडाला तांबंमिश्रित हिरवा रंग फासून घ्या आणि आगीजवळ उभ्या राहा. १९३८ च्या डिसेंबरात 'द विझर्ड ऑफ ऑझ'च्या सेटवर मार्गारेट हॅमिल्टन यांचा चेहरा आणि हात भाजला. बऱ्या होऊन परतल्यावर आगीचं दृश्य पुन्हा करायला त्यांनी साफ नकार दिला. मग धूर सोडणाऱ्या झाडूवर त्यांच्या बदली कलाकार बेटी डँको बसल्या आणि जखमी झाल्या. म्हणजे दुय्यम नटीच्याही खाली एक पायरी असते. तेवढंच समाधान!

४. तुम्ही कृष्णवर्णीय असाल तर निवडीचा घोळच नाही: मोलकरीण. 'गॉन विथ द विंड'च्या अटलांटातल्या पहिल्या खेळाला मात्र जाऊ नका, तिथे तुम्हाला मज्जाव आहे. त्यात मोलकरीण झालेल्या हॅटी मॅकडॅनियलही गेल्या नाहीत. याच भूमिकेसाठी २९ फेब्रुवारी १९४० ला त्यांना ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. सोहळा होता अँबॅसडर हॉटेलात, आणि तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने खास रदबदली केली, तेव्हा त्यांना आत घेतलं आणि सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं. बाईंनी तिथून उठून येऊन नम्रपणे आभार मानले. तुम्हीही मानायचे. नम्रपणा कराराबाहेरचा, त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

५. बक्षिसासाठी कपाट करायला टाकू नका. तेव्हा सहायक कलाकारांना सोनेरी पुतळा मिळत नसे, नुसती पाटी मिळे. पुतळा सुरू झाला १९४४ पासून.

६. भाषणही पाठ करू नका. थेल्मा रिटर यांना १९५० ते १९६२ मधल्या चित्रपटांसाठी सहा नामांकनं मिळाली, ऑस्कर एकही नाही. १९५५ च्या सोहळ्यात न्यूयॉर्कच्या मंचावरचं सूत्रसंचालन मात्र त्यांच्याकडेच दिलं होतं.