हप्ता नाही तो माणूस कसला!

काय दिवस आलेत बघा! दुकानात जाऊन सरळ पैसे मोजणारा माणूस आता लोकांना विचित्र वाटायला लागलाय. त्यानं कार्ड पुढे करून "सगळे एकदम घ्या" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा दचकतो. "एकदम? सर, नो कॉस्ट ईएमआय आहे ना! व्याज शून्य! बारा महिने!" गृहस्थ तरी नको म्हणतात. मग पोरगा आवाज खाली आणतो, "सर, सिबिलचा काही प्रॉब्लेम आहे का?" घ्या! ज्याच्या खिशात पैसे, त्याच्याकडेच संशयानं बघायचं. आणि मागे रांगेत उभे असलेले आपण तरी काय करतो? माना वळवून बघतोच ना? एकरकमी? आजच्या काळात? असेल बाई काहीतरी भानगड.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं ज्यांनी आपल्याला लहानपणी बजावलं, त्यांनीच परवा ऑर्थोपेडिक गादी नऊ हप्त्यांत घेतली. म्हणजे आता अंथरूणच हप्त्यावर! पाय किती पसरायचे ते नऊ महिन्यांनी ठरवू.

एकेकाळी फ्रिज हप्त्यावर घेतला तर ते समजण्यासारखं होतं. स्कूटर, टीव्ही, ठीक आहे, संसार आहे. पण आता काय काय चाललंय? दात हप्त्यावर. चष्मा हप्त्यावर. बालीची सहल हप्त्यावर, म्हणजे फोटो इन्स्टावर जुने झाले तरी समुद्राचे पैसे फेडणं चालूच. लग्न आता करा, पैसे नंतर द्या, अशीही योजना निघाली हो! वर्षभरात नवराबायकोचं बोलणं बंद झालं, तरी वाजंत्रीवाल्यांचे पैसे जातच आहेत. आणि कळस म्हणजे केस. टक्कल पडलेल्या तरुणांसाठी केशरोपण, बिनव्याजी, सुलभ मासिक हप्त्यांत! अहो, उद्या हप्ता थकला तर वसुलीवाले नेणार काय?

नव्यानं या पंथाला लागलेल्यांचा उत्साह तर विचारूच नका. प्रत्येक सोसायटीत एक अप्पा असतात. आयुष्यभर दैनिक खर्चाची डायरी लिहिलेले, कर्ज म्हटलं की दोन्ही कानांना हात लावणारे. अशा अप्पांना कोणीतरी, बहुधा जावयानं, एकदा एअर फ्रायर सहा हप्त्यांत घेऊन दाखवला. झालं! तेव्हापासून अप्पा जिन्यात गाठून लोकांना समजावतात, "आपले पैसे एफडीत व्याज खातात आणि वस्तू फुकटात घरात येते. डोकं लागतं, डोकं!" त्यानंतर त्यांच्या घरात मसाजची खुर्ची आली, रोबो झाडूवाला आला आणि ट्रेडमिल आलं. ट्रेडमिलवर सध्या टॉवेल वाळतात. एफडी मध्येच मोडली, असं काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. पण तो घरातला विषय. आपण कशाला लक्ष घालायचं? (किती मोडली, एवढं मात्र कळायला हवं होतं.)

बरं, हे व्याज जातं तरी कुठे? बँका काय अन्नछत्र चालवतात? साठ हजारांचा फोन घ्या, क्रेडिट कार्डावर, पाच हजारांचे बारा हप्ते. एकूण साठच भरले, एक रुपया जास्त नाही, म्हणून आपण खूश. पण आत काय चालतं ते ऐका. वर्षाला पंधरा टक्के दर धरला, तर बँकेच्या हिशेबात कर्ज असतं सुमारे 55,400 रुपयांचं आणि व्याज सुमारे 4,600 रुपयांचं. तेवढ्या व्याजाची सूट कंपनी किंवा दुकानदार आधीच किमतीत देतो. म्हणजे जी सूट आपल्या खिशात पडली असती, ती तोंडही न दाखवता परस्पर बँकेत गेली! वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, तो मात्र आपणच भरायचा. वर्षभरात मिळून आठशेच्या वर. शिवाय प्रोसेसिंग फी, आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी. आवळा देऊन कोहळा काढतात ते असे, आणि आपण आवळ्याचा फोटो स्टेटसला ठेवतो.

रिझर्व्ह बँकेनं तर 2013 च्या सप्टेंबरातच बँकांचे कान उपटले होते. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, व्याजाला प्रोसेसिंग फीचा मुखवटा चढवू नका, असं स्वच्छ सांगितलं होतं. मग काय झालं? धंदा बंद पडला? छे! पाटी बदलली. 'शून्य टक्के'च्या जागी 'नो कॉस्ट' आलं, आणि आपण नव्या पाटीखाली पुन्हा रांग लावली.

आता कोणी म्हणेल, हे सगळं नव्या पोरांचं खूळ. अगदी! आणि मंत्रालयापासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक कचेरीत जेवणाच्या सुट्टीत गाठोडं सोडून बसणाऱ्या साडीवाल्या बाई कोण होत्या? तीन पगारांत तीन हप्ते, व्याज नाही, कागद नाही, फक्त त्यांच्या लांबट वहीत नाव. दोनशेची साडी हप्त्यानं सव्वादोनशेला पडते, हे टेबलावरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं आणि एकीनंही कधी तोंडातून काढलं नाही. त्या काळी ओटीपी नव्हता, पण पगाराच्या दिवशी बाई दाराशी हजर! त्यापेक्षा पक्की वसुली कुठल्या ॲपला जमली आहे? जग तर त्याहून जुनं. सिंगर कंपनीनं अमेरिकेत 1856 च्या सुमारास शिलाई मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे हे वेड पणजीच्या काळचं. आपण फक्त त्याला टचस्क्रीन लावली.

आपल्या मराठी मुलखाला तर या बाबतीत घरचाच आहेर. आकुर्डीच्या बजाजांची फायनान्स कंपनी 1987 मध्ये निघाली ती दुचाकी-तीनचाकीच्या कर्जासाठी. आज तिचं ईएमआय कार्ड मिक्सरपासून सोफ्यापर्यंत सगळीकडे चालतं. 2023 च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं या कंपनीच्या 'ईकॉम' आणि 'इन्स्टा ईएमआय कार्ड' या दोन प्रकारांत नवी कर्जं द्यायला मनाई केली. कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक ग्राहकाला नीट दिलं जात नाही, हा आक्षेप होता. बंदी 2024 च्या मे महिन्यात उठली. खरं सांगा, ते पत्रक आता मिळतं तेव्हा आपल्यापैकी किती जण वाचतात? 'मी सर्व अटी वाचल्या आहेत' यावर टिक करताना आपला अंगठा कधी थरथरलाय?

आणि सगळ्यात चविष्ट बातमी तर वऱ्हाडातून आली. 2025 च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरमध्ये एक जमत आलेलं लग्न मोडलं. कारण? मुलीच्या मामांनी मुलाचा सिबिल स्कोअर बघायला मागितला, आणि तो निघाला पडका! वा मामा! आजवर मंगळ बघितला, नाडी बघितली, शेती किती, नोकरी कुठे ते बघितलं. पण मुलाचे हप्ते किती चालू आहेत, हे कुठल्या गुरुजींना पत्रिकेत दिसलं होतं का? तीनशे ते नऊशेमधला एक आकडा, आणि मांडव परत! सगळा महाराष्ट्र 'हे अति झालं' म्हणून हसला. मग प्रत्येकानं हळूच फोन काढून स्वतःचा स्कोअर तपासला. तुम्ही नाही तपासलात? बरं बरं.

तिकडे अमेरिकेत तर क्लार्ना या स्वीडिश कंपनीनं 2025 मध्ये घरपोच जेवण पोचवणाऱ्या डोअरडॅशशी हात मिळवले, आणि आता जेवणाचेही हप्ते करता येतात. बरिटो पोटात जिरून गेला तरी त्याचे पैसे फिटायचेच. आपण किती हसलो! वडापाव हप्त्यावर घ्यायची वेळ आपल्यावर येणार नाही म्हणून छात्या फुगवल्या. आणि तेवढ्यात आपल्याच ॲपवर किराण्याच्या बिलाखाली ओळ झळकली, 'आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात द्या.' तांदूळ, डाळ, कोथिंबिरीची जुडी. दाबलं ना बटण? एकदाच? हो हो, फक्त बघायला.

तर मंडळी, महिन्याची पाच तारीख म्हणजे काय असतं, हे या घडीला घराघरात ठाऊक आहे. पगार एकला येतो, पाचला ऑटो-डेबिटची वरात निघते. फोनची, गादीची, बालीची आणि थोरल्याच्या केसांची. सहा तारखेला खात्यात जे उरतं त्याला शिल्लक म्हणावं की उरलंसुरलं, देव जाणे. आणि चुकून एखादा हप्ता बाउन्स झाला की दंड, आणि मग त्या गोड आवाजाच्या मुलीचा फोन, तो नेमका आपण साहेबांसमोर बसलेलो असताना!

किती हा बेजबाबदारपणा! लोकांना काही धरबंधच राहिला नाही. दसऱ्याचा सेल शनिवारी मध्यरात्री उघडतोय म्हणे, बावन्न इंची टीव्ही, अठरा हप्ते. अप्पांनी गजर लावलाय. त्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणून आपणही जागेच असणार.