जावईबापूंचं तेल आणि गणेशपुरीची वाफ

आई भावोजींच्या पुरणपोळीवर तूप वाढते, त्याच हाताने भावोजी प्रवासाआधी गाडीत इंजिन ऑइल घालतात. 'पुरे' म्हणायची सोय नाही. डब्यात अर्धा लिटर उरलं तर त्याचं करायचं काय, हा त्यांचा बिनतोड सवाल. आमच्या जुन्या मारुतीचं पोट मात्र जावयाचं नव्हतं.

भिवंडी ओलांडेपर्यंत तिने सोसलं. दुतर्फा गोदामं, पुढे कंटेनर आणि मधे रस्ता म्हणून जे काही असतं ते. वाडा रस्त्याला लागल्यावर मागे निळसर धुराचा पदर फडकू लागला. आई म्हणाली, "कुंडं जवळ आली वाटतं." अंबाडी नाक्यावरून वळलो तेव्हा करपल्या तेलाचा वास गाडीत कोंदला होता. भावोजींनी तोही निभावून नेला. "गंधक आहे. कातडीला चांगलं."

त्यांची बाजू घ्यायची तर तानसा नदीकाठचा हा वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीचा पट्टा आहेच तसा. खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि वाट सापडेल तिथून वर येतं. त्यामुळे इथे वाफ दिसली तर कुणाला तिचं अप्रूप नाही. नित्यानंदबाबांच्या समाधिमंदिराच्या अलीकडे आमची गाडी आचके देत बंद पडली, तर खांद्यावर पंचा टाकलेले एक गृहस्थ बॉनेटमधल्या धुराकडे बघून "हेही कुंड गरम आहे का?" असं विचारून गेले. दुसऱ्याने रिंगा गेल्याचं जाहीर केलं. तिसऱ्याने इंजिन उतरवायचा खर्चही सांगितला. आपल्याकडे बॉनेट उघडलं की आजूबाजूची निम्मी माणसं मिस्त्री होतात.

खरा मिस्त्री आला तो मात्र कमी बोलणारा. त्याने एअर फिल्टरचं झाकण काढलं. आतला कागदी फिल्टर तेलाने निथळत होता, घड्या एकमेकींना चिकटलेल्या. मग इंजिन कसंबसं चालू करून त्याने तेल भरायचं झाकण उघडलं आणि वर तळहात धरला. "भकभक धूर मारत नाही. रिंगा शाबूत आहेत." खर्च सांगणारे गृहस्थ हिरमुसून दर्शनाला गेले.

इंजिन बंद करून थोड्या वेळाने त्याने गेजची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. तेल वरच्या खुणेच्याही पार वर! एवढं तेल असलं की खाली फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस आणतो. त्यात पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली झिरपतच असतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते, ती जाते थेट हवा आत घेण्याच्या वाटेवर. पूर्वी हा धूर सरळ रस्त्यावर सोडत. नित्यानंदबाबांनी १९६१ साली समाधी घेतली, त्याच साली तिकडे कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांना तो धूर परत इंजिनालाच पाजणारा व्हॉल्व्ह बसू लागला. आमच्या गाडीचा तो व्हॉल्व्ह मिस्त्रीने उपटून कानाशी हलवला. चांगला असला तर खुळखुळ्यासारखा वाजतो. आमचा मुका. पेट्रोलमध्ये बुचकळून, फुंकून, पुन्हा हलवला, तेव्हा बोलला.

"तेल कुणी टाकलं?" मिस्त्रीने विचारलं.

भावोजी समोरच्या डोंगराकडे बघू लागले. सासू असून आईने त्यांना सांभाळून घेतलं. "मुळातच गाडीत जास्त आलं असेल हो."

"वीस वर्षांपूर्वी?"

मिस्त्रीने खालचा नट सैल करून जास्तीचं तेल बाटलीत काढलं, पेट्रोलच्या फडक्याने कार्बोरेटरचं तोंड पुसलं आणि अंबाडीहून नवा फिल्टर मागवला. जुना धुऊन वाळवू या, असं भावोजींनी सुचवून पाहिलं. कागद धुतात का, एवढंच तो म्हणाला. तोवर आईचं दर्शन झालं, कुंडात पाय शेकून झाले, आमचा दोनदा चहा झाला. गाडी सुरू झाली. थोडा वेळ धूर आला, मग विरला.

पैसे देताना भावोजींनी हिशेब काढला: बाटलीतलं तेल आपलं, तर तेवढं वजा करा. मिस्त्रीने बाटलीच त्यांच्या हातात दिली. "न्या की. फक्त नदीत ओतू नका आणि गाडीत घालू नका."

पुढच्या सीटवर मांडीत बाटली घेऊन भावोजी गप्प बसले. वज्रेश्वरीच्या आधी त्यांनी हळूच विचारलं, "आता थोडं कमी तर नाही ना झालं?"

आईने मागून हात पुढे केला आणि बाटली काढून घेतली. जावयाच्या हातून तिने काही काढून घेतल्याचा माझ्या माहितीतला हा पहिलाच प्रसंग.