फुकटाचे ११,९०४ युरो

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नटूनथटून जमलेली पोरं हल्ली ‘जर्मनी की अमेरिका?’ यावर वाद घालतात. पारडं जर्मनीचं जड, कारण तिथं इंजिनीअरिंग म्हणे फुकट.

या फुकटापायी वर्षाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये कोंडायचे. मग बापाचेच पैसे महिन्याला ९९२ युरोंच्या रतिबानं मुलाला मिळतात. इतका शिस्तीचा पॉकेटमनी बापालाही कधी जमला नव्हता. मार्कशीट खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र २०२२च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं तर २०२४च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना चक्क फी लावली. मास्टर्सला सत्रामागे चार ते सहा हजार युरो!

नातेवाइकांत शिक्षण अजून फुकटच आहे.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली. आता घरी राहिलेल्याची चौकशी होते. कुकर, मेतकूट, भाजणी कोंबलेली बॅग वजनकाट्यावर चढली की सोसायटी निश्चिंत. नाहीतर लिफ्टमध्ये हळूच विचारणा: “काय हो, व्हिसा नाकारला का?”