मुलगा वॉटर ट्रीटमेंटमध्ये आहे

(रंगमंचावर एक बादली आणि प्लॅस्टिकची खुर्ची. विंगेतून ॲल्युमिनियमचा लांबलचक दांडा आत येतो, टोकाला जाळी. दांडा येतच राहतो. शेवटी दांड्याचं दुसरं टोक धरलेला मुलगा दिसतो. वय अठरा. तो वळतो, तशी जाळी पहिल्या रांगेवरून फिरते.)

सांभाळा हं काका! विग असेल तर हातात धरा. जाळीत आलेली वस्तू परत द्यायची आमच्यात पद्धत नाही.

मी अलिबागजवळचा. आमच्याकडे पूर्वीपासून पाण्याच्या दोनच जागा. समुद्र आणि वाडीतली विहीर. दोन्ही फुकट. मग मुंबई-पुण्याची माणसं आली. समुद्र बघायला म्हणून बंगले बांधले आणि प्रत्येक बंगल्यात एक निळा हौद खणला. आता येतात समुद्रासाठी आणि शनिवार-रविवार बसतात हौदात! माझी काही तक्रार नाही. त्या हौदावर माझा पगार आहे.

बारावीची परीक्षा संपली. बाबा म्हणाले, (जाड आवाजात) "निकाल लागेपर्यंत काहीतरी काम कर. लागल्यावर तर करावंच लागणार आहे." काय तो मुलावरचा विश्वास!

शेजारचे काका बंगल्यांचे पंप आणि पूल सांभाळतात. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पोहता येतं?"

"विहिरीत शिकलोय."

"ठीक. पण पडू नकोस. गणित येतं?"

म्हटलं, "काका, पूल साफ करायचाय की सीईटी द्यायचीय?"

पहिल्याच दिवशी झाडूऐवजी टेप हातात! लांबी ८ मीटर, रुंदी ४, सरासरी खोली सव्वा. गुणाकार कर. ४० घनमीटर. म्हणजे ४० हजार लिटर. आता दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन पाहिजे. पावडर ६५ टक्क्यांची. किती टाकशील? (घाम पुसतो.) उत्तर येतं साधारण सव्वाशे ग्रॅम. एवढ्या पाण्याला सव्वाशे ग्रॅम! आणि बंगल्याच्या मॅडम गॅलरीतून ओरडतात, (लाडिक आवाजात) "अरे बाळा, टाक की अंदाजे! आज गेस्ट जास्त आहेत, दोन मगे टाक!" मॅडम, ही पोह्यांवरची कोथिंबीर आहे का?

मग काकांचे नियम. पंप चालू असताना फिल्टरचं हँडल फिरवायचं नाही. औषध नेहमी पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. क्लोरीनच्या गोळ्यांचं माप पावडरीत घालायचं नाही, दोन्ही एकत्र आल्या तर पेट घेतात. आणि ॲसिड क्लोरीनच्या शेजारीसुद्धा ठेवायचं नाही, मिसळलं तर विषारी वायू निघतो. घरी हे सांगितलं तर आई घास हातात धरून थांबली. "केमिस्ट्रीत काठावर पास होणाऱ्या पोराच्या हातात ॲसिड कोणी दिलं?" म्हटलं, "आई, केमिस्ट्रीच्या पेपरात चुकलं की मार्क जातात. इथे भुवया जातात. आपोआप अभ्यास होतो."

(खुर्चीवर बसतो, खिशातून अदृश्य बाटली काढतो.)

आता टेस्ट. बारीकशा नळीत पूलचं पाणी घ्यायचं. एका बाजूला लाल थेंब, तो पीएच सांगतो. ७.२ ते ७.८ च्या मध्ये पाहिजे. दुसऱ्या बाजूला क्लोरीनचे थेंब. जितकं पिवळं, तितकं क्लोरीन. (नळी उजेडात धरून एक डोळा मिटतो.) हे मी अगदी गंभीरपणे करत होतो. मागून एक पाहुणे आले. नळी बघितली, पिवळा रंग बघितला आणि हळूच विचारलं, "कोणाची आहे? शुगर निघाली का?"

(उठतो, दांडा घेतो.)

खरी कला व्हॅक्यूमची. नळी लावली आणि बटण दाबलं, असं नसतं. नळीत हवा राहिली तर पंप हवा घेतो आणि नुसता बोंबलत बसतो. म्हणून ब्रश तळाला सोडायचा, नळीचं दुसरं टोक जिथून पाणी जोरात आत येतं त्या तोंडाशी धरायचं. खालून बुडबुडे यायला लागतात. बुडुक, बुडुक, बुडुक. आपण वाट बघायची. शेवटचा बुडबुडा आला की मग जोडायचं. आणि दांडा असा... (अत्यंत सावकाश चालतो)... लग्नात नवरी बोहल्याकडे येते तसा. घाई केली की तळाचा सगळा गाळ वर येतो आणि पुढचा अर्धा दिवस आपण आणि गाळ एकमेकांकडे बघत बसतो. शेजारीण आईला म्हणते, "तुमचा मुलगा दिवसभर पाण्याकडे बघत उभा असतो. प्रेमभंग झाला का?"

आईने तेव्हापासून उत्तर तयार ठेवलंय. "मुलगा वॉटर ट्रीटमेंटमध्ये आहे."

"अय्या, नगरपालिकेत?"

"नाही हो, प्रायव्हेट!"

सोमवारी सकाळी मी पाणी बघून सांगतो, काल कोण आलं होतं. टाइल्सवर पाण्याच्या रेषेत तेलकट पट्टा असेल, तर कॉलेजचा ग्रुप, सनस्क्रीन. पट्टा असेल आणि खोबरेलाचा वास येत असेल, तर एकत्र कुटुंब. स्किमरच्या टोपलीत टिकल्या, रबरबँड, वेफर्सचं पाकीट. एकदा कवळी! आजोबा जेवायला बसले तेव्हा त्यांना आठवण झाली.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक पार्टीत एक जण असतोच. पूलच्या कडेला येतो, छाती भरून श्वास घेतो. (दीर्घ श्वास) "वा! काय क्लोरीनचा वास आहे! एकदम स्वच्छ!" दादा, नीट ठेवलेल्या पूलला वास जवळपास येतच नाही. क्लोरीनला घाम आणि लघवी भेटली की क्लोरामाइन तयार होतात. तुम्ही जो छाती भरून घेताय ना, तो त्यांचा वास. डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच. घ्या अजून एक श्वास!

यावर मी एक पाटी लावली. "या पाण्यात लघवी केल्यास पाणी जांभळे होते." असा रंग जगात कुठे विकत मिळत नाही, साफ थाप! पण पाटी वाचून पोरं हसली, आणि चार मोठी माणसं निमूट बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून मागे वळून बघायला लागली.

(दांडा खाली ठेवतो. सरळ प्रेक्षकांशी.)

मंडळी, पानं आणि बेडूक मी काढतो, त्याचं काही नाही. पाऊस पडला, पाणी हिरवं झालं, तेही बघून घेतो. औषधाचा बराच खर्च मात्र माणसं सोबत आणतात त्याच्यावर होतो. तेव्हा सुट्टीत जरूर या आमच्याकडे. पूलच्या कोपऱ्यात शॉवर आहे, नळ चालू आहे. आत उतरण्याआधी दोन मिनिटं त्याच्याखाली उभे राहा. आणि बाथरूम उजव्या हाताला आहे.